पोटात घातलेल्या चुका

फार पूर्वी एका तळ्यावर समुद्रापलीकडून आलेल्या बगळ्याचं राज्य होतं. तो रोज काठावरून माशांना सांगायचा, "तुम्ही अडाणी आहात, पण तुमच्या चुका मी पोटात घालतो." मासे कृतज्ञतेने शेपट्या हलवायचे आणि रोज थोडे कमी व्हायचे.

एकदा खेकड्याने काठाच्या चिखलात नांगीने बगळ्याचं चित्र काढलं. पोट भलंमोठं, आत दाटीवाटीने मासे.

बगळा खवळला. "मी चुका पोटात घालतो म्हणालो होतो. त्या कुठे आहेत यात?"

"शोधल्या, सरकार," खेकडा म्हणाला. "पोटात मासेच सापडले."

बगळ्याने चित्र पायाने पुसलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भाषणाला उभा राहिला. मासे खोल पाण्यातून मजेत ऐकत होते. त्याच्या तोंडाकडे कोणीच बघत नव्हतं, सगळे पोटाकडे बघत होते.