झाकण लावून

“अगं, पण तुझ्या डोळ्यांदेखत पोरगी हातचं काम घालवत होती, आणि तू गप्प कशी बसलीस?”

हे मला अजून विचारतात. भजनाच्या बायका विचारतात, नणंद तर दर सणाला विचारते.

गप्प होते ती बारा वाजेपर्यंत. कारण माझा नवस होता.

दत्तमहाराजांपुढे नारळ ठेवून मी म्हटलं होतं, माझ्या मृण्मयीला ते वर्षाचं काम मिळू दे, अकरा गुरुवार दुपारी बारापर्यंत मौन पाळीन. दहा गुरुवार निर्विघ्न पार पडले. दूधवाल्याशी खुणेनं, कुकरच्या शिट्ट्या बोटांवर. आमचे हे तर म्हणाले, “नवस चांगला आहे. फळला तरी सोडू नकोस.”

अकरावा गुरुवार वैशाखातला.

मृण्मयी कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांसाठी व्हिडिओ करते. नवं ग्राफिक्स कार्ड आलं की ते लावून बघते आणि चांगलं की वाईट ते सांगते. गेममधलं जंगल, नदी, घोडा, सगळं हे कार्डच काढतं. एका सेकंदात जितकी जास्त चित्रं, तितकं कार्ड भारी. मला एवढंच कळतं.

पुण्याच्या एका वितरकानं तिला सगळ्यात वरचं कार्ड तपासायला पाठवलं होतं. विटेएवढं जाड, वजनालाही तसंच. गुरुवारी बाराच्या ठोक्याला सगळ्यांचे व्हिडिओ एकदम यायचे होते. तिचा त्यांना आवडला की वर्षाचा करार. माझा नवस तो हाच.

व्हिडिओ तयार होता. शेवटी घालायला तिला फक्त एक वाक्य हवं होतं... ‘माझ्या गुरूंनीही पास केलं.’

गुरू म्हणजे मिरजेतले आमचे दस्तगीरचाचा. पत्र्याच्या शेडमधलं दुकान, एक टेबल, एक पंखा. त्यांचे आजोबा तंबोरे करायचे, चाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतात. तारांना डाग द्यायचा कैया हातात धरायला मृण्मयीला त्यांनीच शिकवलं.

साडेनऊला आम्ही पोचलो. रिक्षात कॉम्प्युटरचा डबा, ते कॅबिनेट, मांडीवर धरायला मी.

“किती?” चाचांनी मान वर न करता विचारलं.

“एकशे बेचाळीस!” मृण्मयी म्हणाली. “सगळं फुल ठेवून, चाचा. मिरजेत असं कार्ड अजून कुणी बघितलं नसेल.”

“कुठं आलं एकशे बेचाळीस?”

“माझ्या खोलीत.”

“एसी?”

“चालू होता.”

“झाकण?”

कॅबिनेटला बाजूनं एक झाकण असतं.

“काढलेलं. व्हिडिओत कार्ड दिसायला नको? सगळे तसंच करतात.”

“किती वेळ चालवलंस?”

“दहा मिनिटं. आकडा तेवढ्यात कळतो.”

चाचांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“सकाळी दहाला सगळ्यांचाच रोजा असतो, पोरी. संध्याकाळी पाचला किती जणांचा आहे, ते बघायचं.”

मला आमच्या एकादश्या आठवल्या. मी नुसती मान हलवली.

मृण्मयीनं फोन पुढं केला. “चाचा, लोकांचा विश्वास आहे माझ्यावर. हे बघा, जतचे एक सर आहेत, चित्रकलेचे. लिहितात, ‘ताई, दोन वर्षं थांबलोय. घर पत्र्याचं आहे. तुम्ही हो म्हटलं की घेतो.’”

“काय कळवलंस त्यांना?”

“बाराला व्हिडिओ बघा म्हटलं.”

“हं... झाकण लाव.”

“इथं? या पत्र्याखाली?”

“जत काय महाबळेश्वराला आहे?”

“चाळीस डिग्री आहे, चाचा! हा अन्याय आहे.”

“कार्डाला सांग की.”

तिनं रागारागानं झाकण लावलं. चारही स्क्रू पिळले. “ठीक आहे. हरणार नाही हे. किती वेळ चालवू, बोला.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. माझं मौन त्यांना ठाऊक होतं. दहा गुरुवार ते रस्त्यात मला नमस्कार करून, उत्तराची वाट न बघता पुढं जात होते.

“वैनींचं मौन सुटेस्तोवर,” ते म्हणाले.

मग त्यांनी दर गुरुवारची ती जाड, दोन-अडीच तास चालणारी उदबत्ती लावली. ती दर्ग्याच्या फोटोपुढं न खोचता कॅबिनेटच्या मागं खोचली. खुर्ची फिरवली, स्क्रीनकडं पाठ केली आणि कुणाचा तरी जुना प्रिंटर उघडून बसले.

“बघणार नाही तुम्ही?”

“ऐकतोय की.”

“आकडा ऐकू येत नाही, चाचा.”

“बघू.”

गेम सुरू झाला. एक पूल, पुढं जंगल, जंगलात देऊळ. मृण्मयी घोडा पुलावरून देवळापर्यंत न्यायची, परत आणायची. कोपऱ्यात आकडा. माझ्या मनात आपोआप प्रदक्षिणा मोजल्या जाऊ लागल्या.

दहा वाजता एकशे बेचाळीस.

“ऐकलंत?” ती म्हणाली.

चाचा प्रिंटरमधली धूळ फुंकत होते.

पावणेअकराला एकशे एकतीस.

तिनं घोडा परत वळवला. डब्यातला पंखा मात्र बोलायला लागला होता. आधी गुणगुण, मग घरघर. माझ्या कपाळावरून घाम ओघळला. मी पदरानं कॅबिनेटला वारा घालणार होते, पण बांगड्या वाजताच चाचांनी पाठमोऱ्यानंच बोट हलवून नाही म्हटलं.

अकरानंतर उदबत्तीचा धूर वेगळाच वागू लागला. आधी तो मागच्या मागं उडून जात होता. आता भिंतीला थडकून वळत होता, डब्याला वळसा घालून पुढच्या जाळीतून आत शिरत होता.

“बघ,” चाचा मान न वळवता म्हणाले. उदबत्तीचा वास कुठून येतोय त्यावरूनच त्यांनी ओळखलं असावं. “तोंडानं सोडलेलं नाकानं परत घेतंय.”

“डबा भिंतीला टेकलाय म्हणून.”

“जतच्या सरांचा कुठं टेकलेला असंल?”

...

सव्विसावी प्रदक्षिणा. एकशे दहा.

तिसावी. शहाण्णव. आणि पुलाच्या मधोमध घोडा थबकला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण थबकला.

“अडला?” चाचांनी विचारलं.

मृण्मयी दचकली. “पाठ आहे तुमची. कळलं कसं?”

“तुझी बोटं थांबली.”

मग मला कळलं, दीड तास ते कशाचा आवाज ऐकत बसले होते.

“गेममध्येच काहीतरी दोष असेल,” ती म्हणाली.

“असंल.”

“नाहीतर लाइट वरखाली होत असेल.”

“असंल.”

घोडा पुन्हा अडला. या वेळी तिनं डब्याला हात लावून बघितला.

“तुझ्या जुन्या कार्डावर किती येतं?”

“चौऱ्याऐंशी.”

“तीन तासांनी?”

“...चौऱ्याऐंशीच.”

“घोडा?”

“चालतो.”

मृण्मयी ताडकन उठली. लहानपणापासून हरायला लागली की ती उभी राहूनच बोलते. “तरी हे शहाण्णव आहे, चाचा! शहाण्णव म्हणजे चौऱ्याऐंशीपेक्षा जास्त! तुम्हाला नवीन काही आवडतच नाही. तंबोरा नाही म्हणून नापास करता का?”

“मी कुठं नापास केलं? भारी आहे की. शहाण्णव सांग.”

“शहाण्णव सांगितलं तर करार जाईल.”

“का?”

तिनं खाली बघितलं.

“त्यांनी लिहून पाठवलंय. झाकण लावून घेतलेला आकडा दाखवायचा नाही.”

मला हे ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

चाचांनी प्रिंटरचा एक स्क्रू घट्ट केला. मग दुसरा.

“म्हणजे त्यांनी लावून बघितलंय,” ते म्हणाले.

...

पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी कुल्फीची घंटा वाजवत गेलं. माझी लेक त्या डब्याकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिली.

मग ती खाली बसली. फोन काढला. बारासाठी लावून ठेवलेला व्हिडिओ तिनं माझ्यासमोर थांबवला.

तोंडून निघू पाहणारं ‘अगं’ मी दातांखाली धरलं. दहा गुरुवार आणि वर ही अख्खी सकाळ. मी डोळे मिटून घेतले.

बाराला दहा कमी असताना पुण्याहून वितरकाचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

“मॅडम, तुमचा व्हिडिओ यादीतून गेलाय. काही अडचण?”

“अडचण नाही. मी काढलाय.”

“अहो, दहा मिनिटं राहिलीत!”

“बाराला नाही येणार. दोन वाजता येईल. आधी झाकण काढून एकशे बेचाळीस दाखवीन. मग झाकण लावून शहाण्णव दाखवीन, आणि घोडा अडतो तेही दाखवीन.”

“आपलं ठरलं होतं, मॅडम.”

“तुमचं ठरलं होतं. मी हो म्हटलं, ती माझी चूक.”

“बाकी सगळ्यांनी एकशे चाळीसच्या वरच दाखवलंय. तुम्ही एकट्या शहाण्या का?”

“एकटी तर एकटी.”

“कार्ड परत मागवू.”

“पॅक करून ठेवते. थोडं थंड होऊ दे, हात भाजतोय.”

चाचांच्या खांद्याला हसू आलेलं मी पाठीमागून बघितलं.

“करार विसरा मग.”

“विसरले,” ती म्हणाली.

मग तोच आवाज एकदम साखरेत घोळून आला.

“बरं, घरातलं मोठं कुणी आहे का जवळ? आई? आईंना द्या ना जरा.”

मृण्मयीनं माझ्याकडे बघितलं. या वेळी बघितलं. डोळे भरलेले, हनुवटी वर. फोन तिनं माझ्या हातात ठेवला. काही सांगितलं नाही, विनवलं नाही.

“आई, नमस्कार. तरुण मुलं तापट असतात, तुम्हाला काय सांगायचं. करारावर सही मी आत्ता करतो. तुम्ही फक्त एवढंच म्हणा... एकशे बेचाळीस आलं होतं. तुमच्यासमोर आलं होतं ना? खोटं बोला असं मी म्हणतच नाहीये.”

आलं होतं. दहा वाजता माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. देवापुढं नारळ ठेवून जे मागितलं होतं ते माझ्या तळहातात होतं, आणि त्यासाठी खोटंही बोलायचं नव्हतं.

“आई? ऐकताय ना?”

उदबत्ती संपत आली होती. भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे एकावर एक आले.

त्या सकाळी पहिल्यांदा दस्तगीरचाचांनी खुर्ची आमच्याकडे वळवली.

“बारा वाजले, वैनी. पोरीनं सांगितले, तसे तुम्हीही दोन्ही आकडे सांगा.”