राणी कौमुदी आणि चितळांचा कळप

एका राज्यात मंदारसेन नावाचा राजा होता. शिकारीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एके दिवशी त्याने बाण सोडला आणि एक चितळी कोसळली. तिची कास दुधाने भरलेली होती. तेवढ्यात अरण्य राखणारी मायाविनी वज्रघंटा समोर आली. "राजा, आता तूच चर," ती म्हणाली. राजा ठिपक्यांचा चितळ झाला आणि कळपात मिसळला.

राजा परतेना, तेव्हा त्याची राणी कौमुदी अनवाणी अरण्यात गेली. वज्रघंटेने सांगितले, "मेलेल्या चितळीचे पाडस जगव. कोणी न तोडलेले शिंग आण. मग कळपातून राजा ओळख. चुकलीस, तर तो जन्मभर चितळच राहील."

राणीने सारे गवत धुंडाळले. पाडस काही दिसेना. तेव्हा झाडावरचा कोतवाल पक्षी बोलला, "बाईसाहेब, कोवळ्या पाडसाला वास नसतो. आई लपवून जाते, तिथेच ते निपचित पडून राहते. शोधू नका, बसा."

राणी बसली. तिसऱ्या प्रहरी भुकेले पाडस आपणच उठले. राणीने धनगरांच्या शेळीचे दूध आणून त्याला वाढवले.

"आणि शिंग?" तिने विचारले.

"चितळ आपला मुकुट वर्षाला एकदा टाकतो," कोतवाल म्हणाला.

राणी पुढच्या ऋतूपर्यंत थांबली. एके सकाळी ऐनाच्या बुंध्याशी तिला गळलेले शिंग सापडले. पण आता बहुतेक नर बोडके झाले होते. त्यांतला राजा कोणता, काही कळेना.

इतक्यात झाडावर वानर खाकरले. वाघ! चितळांनी पाय आपटले आणि शेपट्या उभारून कळप उधळला. पाडस मागे राहिले. नर पाडसासाठी थांबत नाहीत, अशी त्यांची रीत. एक मात्र माघारी फिरला आणि बोडके डोके खाली करून पाडसापुढे उभा ठाकला.

राणीने धावत जाऊन त्याच्या गळ्याला मिठी घातली. "हेच माझे धनी."

वाघ मायाविनीचाच होता. तिने हात उचलताच तो खाली बसला. राणीने गळलेले शिंग तिच्यापुढे ठेवले. "कशावरून ओळखलेस?" मायाविनीने विचारले.

"चितळाची रीत माणसानेच मोडली, देवी."

राजा दोन पायांवर उभा राहिला. त्याने आधी पाडसाला कळपात पोचवले, मग तो राजधानीकडे निघाला. त्या अरण्यात पुन्हा बाण सुटला नाही. राज्य सुखाने नांदले. फक्त कुठे वानर खाकरले, की राजा जेवता जेवता मान वर करी, आणि राणी हसून त्याला आणखी भात वाढी.