उलटं पोहणं

"म्हणजे उद्याची तुकडी माझी, हे नक्की ना सर?"

काळसेकर सर गोड्या पाण्याच्या पिंपात मास्क बुचकळत होते. अंदमानच्या त्या लहानशा बेटावर त्यांची स्नॉर्केलिंगची शाळा होती. हंगाम संपत आला होता आणि सरांचे खांदे पार उतरले होते.

थकला शार्दूलही होता, पण वेगळ्या कारणानं. सांगलीहून इथे येऊन तो सरांच्या हाताखाली तयार झाला. प्रवाळातला कोपरान्‌कोपरा त्याला तोंडपाठ झाला. तरी पाहुण्यांना एकट्यानं न्यायची परवानगी काही मिळेना. दर वेळी सरांचं एकच, "अजून थोडं थांब." थांबून थांबून त्याचा जीव विटला होता. आज निकाल लागला नाही तर सरळ सामान बांधायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

आज मात्र नशीब जोरावर होतं. सकाळी सरांनी त्याला पुढे घातलं, स्वतः मागे राहिले, आणि समोरच्या समुद्री गवतात साक्षात समुद्रगाय चरत होती! शार्दूल हात करत सुसाट तिच्याकडे गेला. पाहुणे त्याच्यामागे.

"सगळे काय खूश होते, सर!"

"सगळे?"

"सगळेच की..."

सरांनी पिंपातून एक मास्क काढून त्याच्या हातात दिला. "हा कोणाचा?"

शार्दूलनं तो उलटसुलट करून पाहिला. "नाही सांगता यायचं."

"लोंढेबाईंचा. पाणी शिरलं त्यात. घाबरून मागेच राहिल्या त्या." सरांनी पुढचा मास्क पिंपात बुचकळला. "माझा हात सोडायला तयार नव्हत्या..."

तुकडी आपण नेली, आणि मागे काय झालं ते आपल्याला आत्ता कळतंय! त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण तसं कबूल करणं जिवावर आलं.

"म्हणजे समुद्रगाय तुम्हाला दिसलीच नाही?"

"माझी तिच्याकडे पाठ होती."

"वळायचंत की, सर."

"मग बाईंकडे कोण बघणार होतं?"

इतकी वर्षं या बेटावर काढून सरांनी समुद्रगाय एकदाही पाहिली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे असले की सर उलटे पोहायचे, पाहुण्यांकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ. शिकणारी पोरं त्यावरून आपापसात हसायची. शार्दूल तर नक्कलसुद्धा करायचा.

सर पायरीवर टेकले. मग गुडघे चोळत म्हणाले, "उद्याची तुकडी तू ने. लोंढेबाई पुन्हा यायचं म्हणताहेत."

शार्दूलचा विश्वासच बसेना.

"फक्त उलटा पोह."

"उलटा? मग मला दिसणार काय, सर?"

सरांनी डोळे मिटले.

"तुमच्या गलक्याला बुजून ती मागे फिरली. माझ्या अगदी पाठीमागून गेली. तिला बघता बघता भीती विसरून बाईंनी माझा हात सोडला... तेवढं दिसेल."