दगडावर दुसऱ्याचा वास

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. तेव्हाचं कोणी उरलेलं नाही, आणि जे आम्ही पाहिलंय म्हणतात ते थापा मारतात.

एका राज्याच्या कडेला मोठा माळ होता. माळाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला वस्ती. वस्तीच्या शेवटच्या झोपडीत सटवाजी नावाचा म्हातारा राहायचा. फास लावणं हा त्याचा धंदा. रानडुक्कर, तरस, लांडगा, जे कोणी शेताला नाहीतर कळपाला छळायचं त्याला सटवाजी धरायचा. त्याच्या फासात कधी कुणाचं कुत्रं सापडलं नाही, कुणाच्या वासराचा पाय अडकला नाही. ज्याच्यासाठी फास लावला तोच सापडायचा. याचा म्हाताऱ्याला तोरा होता, आणि का नसावा? पन्नास वर्षं हाताची सालं काढून कमावलेला तोरा होता तो. कुणी ताटात वाढलेला नव्हता.

मग राजाच्या शिकारखान्याला नाईक नेमायची वेळ आली. सगळे म्हणाले, सटवाजीच होणार. सटवाजीनंही धोतर धुऊन वाळत घातलं. राजानं नेमला एक तरणाबांड माणूस. त्याच्या मिशीला पीळ होता आणि राजाच्या मेहुण्याशी ओळख होती. एवढंच.

सटवाजीनं त्याच दिवशी सगळे फास गुंडाळून आढ्याला टांगले आणि चार माणसांत सांगितलं, "राजा स्वतः माझ्या दारात येऊन 'सटवाजी, चल' म्हणेल, तेव्हाच मी फासाला हात लावीन."

राजे असे येत नसतात. तीन वर्षं गेली. फासांवर जळमटं चढली आणि म्हातारा दारात बसून राहिला.

त्या वर्षी माळावर एक लांडगा उतरला. थोराड, एकटा, एक कान फाटलेला. माळावर भिवरा नावाच्या धनगरणीचा तळ होता. नवरा दुसऱ्याचा मोठा कळप घेऊन घाटाखाली गेलेला. हिच्याकडे विणीच्या मेंढ्या आणि बावीस कोकरं. लांडगा तळाभोवतीच्या जाळीवरून उडी मारायचा, कोकराची मान धरायचा आणि आला तसा जायचा. महिन्याभरात बावीसांची नऊ राहिली. तीही गेली तर कळप बुडाला. मग भिवरालाही दुसऱ्याची मेंढरं राखत फिरावं लागलं असतं.

नाईक आला. लोखंडी चाप घेऊन, चार माणसं घेऊन आला. तळाभोवती चाप मांडले आणि वर बोकडाच्या मटणाचे हे एवढाले तुकडे ठेवले. पहिल्या दिवशी वस्तीचं कुत्रं सापडलं. दुसऱ्या दिवशी गिधाड. तिसऱ्या दिवशी राजाचा लाडका शिकारी कुत्राच तीन पायांवर घरी गेला. लांडग्यानं त्या मटणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ज्याला हवं तेव्हा ताजं कोकरू मिळतं, तो शिळ्या तुकड्याला कशाला तोंड लावील?

"हा लांडगा नाही, पिशाच्च आहे," असं म्हणून नाईकानं चाप गोळा केले.

मग लोक सटवाजीकडे आले. पाटील जोंधळ्याचं पोतं घेऊन आला. म्हातारा म्हणाला, "राजा कुठंय?" वस्तीतले चार जाणते नवंकोरं घोंगडं घेऊन आले. म्हातारा म्हणाला, "राजा कुठंय?" शेवटी भिवरा आली. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"राजा कुठंय?" म्हाताऱ्यानं तिलाही विचारलं.

भिवरा रडली नाही, पायाही पडली नाही. तिनं आढ्याला टांगलेले फास बघितले, दारातून ओढ्याकडे जाणारी पायवाट बघितली आणि आल्या पावली निघून गेली. म्हाताऱ्याला जरा चुकल्यासारखं वाटलं. निदान थोडी गयावया करायला हवी होती बाईनं.

सटवाजी रोज सकाळी त्याच वाटेनं ओढ्यावर जायचा. वाटेत एक हिवराचं झाड होतं. तिथं थांबून, लिंबाची काडी चावत, तो वस्तीला दोन शिव्या द्यायचा आणि पुढं जायचा. चौथ्या दिवशी सकाळी तो तिथं पोचतो तर झाडाखाली भिवरा गुडघे टेकून बसलेली. पुढ्यात दोरी, वाकवलेली फांदी आणि मुठीएवढा मटणाचा तुकडा. शेजारी तिचा कुत्रा जांभया देत होता.

"ए बाई! काय चाललंय हे?"

"फास लावायला शिकतेय, आबा," भिवरा मान वर न करता म्हणाली. "तुमचं चालू द्या."

"हा फास? ह्याच्यात उंदीरसुद्धा पाय घालायचा नाही."

"बघू की. नाईकांच्या माणसाला विचारून आलेय. सटवाजीची गाठ म्हणतात हिला."

म्हाताऱ्याच्या तोंडातली काडी खाली पडली. "कुणाची गाठ?"

"तुमची. म्हातारा असेच दोन वेढे घ्यायचा म्हणाले."

"दोन? अगं भवाने, तीन! दोन वेढ्यांनी माझ्या बापाची शेळी थांबली नसती, लांडगा काय थांबतोय! आण इकडं. सर. बाजूला सर म्हणतो ना!"

त्यानं दोरी हिसकावून घेतली आणि फतकल मारून बसला. तीन वर्षांत फासाला न शिवलेली बोटं आपोआप चालू लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा, मग उलटा पीळ. गाठ बसली तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की भिवराच्या कुत्र्यानंसुद्धा शेपूट हलवली.

"आणि हे मटण इथं कुणी ठेवायला सांगितलं?"

"त्यांनीच. आणि जागा म्हणाले कुठली बी चालते."

"कुठली बी!" म्हातारा उठून उभाच राहिला. "चल. दाव मला तुझा तळ. मी फास लावणार नाहीये, समजलं? नुसता दाखवणार आहे."

"व्हय आबा. नुसता दाखवा," भिवरा म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

दुपारपर्यंत सटवाजी माळावर ओणवा होऊन माग काढत होता. तळाच्या आसपास त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"इथं कोकरू मेलं, आबा," भिवरानं दाखवलं.

"इथं तो कामाला येतो. कामाच्या जागी चोर सावध असतो. तो आपल्या मनानं, बेफिकीर कुठून चालतो ते बघायचं."

डोंगरातून एक कोरडा नाला माळावर उतरत होता. नाला आणि गुरांची वाट जिथं एकमेकांना छेदत होती, तिथं बांधाला लागून गुडघाभर उंचीचा एक पांढरा दगड होता. म्हातारा त्याच्यापाशी गेला, खाली वाकला, नाक फेंदारलं आणि खूश झाला.

"हे बघ. रोज येता-जाता इथं तंगडी वर करतो. हा दगड म्हणजे त्याची गादी आहे. हा माळ माझा, असं तो रोज इथं लिहून जातो."

"मग इथं मटण ठेवायचं?"

"परत मटण! पोट भरलेल्याला घास दाखवून काय होतंय? त्याला दुसरा लांडगा दाखवायचा."

दुसरा लांडगा दाखवायचा म्हणजे काय, हे भिवराला दोन दिवसांनी कळलं. म्हातारा एक वाळका भोपळा काखेला मारून सात कोस चालत पलीकडच्या दरीत गेला. तिथं दुसऱ्या लांडग्याचा वावर होता. त्यानं जिथं मुतलं होतं तिथली माती भोपळ्यात भरून, तोंड बंद करून म्हातारा परत आला. आला तेव्हा पायाला फोड होते आणि भिवराच्या तळावर नऊची सात कोकरं झाली होती.

"आबा, दोन गेली," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "आज लावा."

"आज वारा उलटा आहे. आपला वास माळाकडे जायला हवा, डोंगराकडे नाही. उद्या."

"उद्या सहा होतील!"

"आज लावला तर त्याला आपला वास लागेल आणि मग एकही राहायचं नाही. कोकरं झोपडीत घेऊन बस. झोप लागली तर माझं नाव घेऊन स्वतःला चिमटा काढ."

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. फासाची दोरी म्हाताऱ्यानं बाभळीच्या सालीत उकळून, धुरावर धरून ठेवली होती. हाताला नाल्याची माती चोळली. जमिनीला घामाचा वास लागू नये म्हणून जुन्या कातड्यावर गुडघे टेकले. फास दगडाला लावून नव्हता. हुंगायला थांबल्यावर लांडग्याचा पुढचा पाय जिथं पडेल, बरोबर तिथं, वीतभर अलीकडे, मातीखाली त्यानं तो दडवला आणि दोरी वाकवलेल्या फांदीला बांधली. फासाच्याही अलीकडे एक काटकी आडवी टाकली, कारण लांडगा काटकीवर पाय देत नाही, ओलांडून पलीकडे टाकतो. शेवटी भोपळ्यातली चिमूटभर माती दगडावर टाकली. चिमूटभरच.

"एवढीशीच?" भिवरानं विचारलं.

"जास्त टाकली की खोटं वाटतं. थोडी टाकली की जिवाला लागतं."

पहाटे फांदी सुटल्याचा आवाज झाला. उजाडल्यावर दोघं जाऊन बघतात तर फाटक्या कानाचा लांडगा पुढच्या पायानं फासात अडकून बसलेला. तो गुरगुरला नाही. त्या काळी जनावरं बोलायची. हल्ली ऐकणारे उरले नाहीत म्हणून बंद झाली.

"म्हाताऱ्या," लांडगा म्हणाला, "नाईकाच्या सगळ्या मटणावरून मी उडी मारून गेलो. मला भूक नव्हती. तुझ्या फासाचीही शंका आली होती मला."

"मग पाय कसा टाकलास?" सटवाजीनं छाती काढून विचारलं.

"माझ्या दगडावर दुसऱ्याचा वास होता. मला सहन झालं नाही. दुसरं काही दिसेनासं झालं." लांडग्यानं पाय ओढून बघितला. तीन वेढे होते. हलले नाहीत. "पण तू कसा आलास? तू तर फासाला हात लावत नव्हतास. राजा आला होता का तुझ्या दारी?"

"राजा कशाला?" म्हातारा उसळला. "ही बाई माझ्या रोजच्या वाटेवर बसून, माझं नाव घेऊन चुकीची गाठ मारत होती. वर सांगते काय, तर नाईकाकडून शिकले! ते मला सहन झा..."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

लांडग्याचा पाय फासात होता, मरण समोर उभं होतं, तरी तो हसायला लागला. चांगला दात दाखवून हसला.

म्हातारा हळूहळू भिवराकडे वळला. "गाठ मुद्दाम चुकवलीस?"

"व्हय आबा."

"झाडाखाली का बसलीस?"

"तुम्ही रोज तिथं थांबता. तीन दिवस लपून बघितलं."

"नाईकाच्या माणसाला खरंच विचारलंस?"

"छ्या! त्याला काय येतंय? पण त्याचं नाव घेतल्याबिगर तुम्ही वाटेवरून वळला नसता."

"आणि जास्त बोलली का नाहीस?"

"जास्त बोलले असते तर खोटं वाटलं असतं," भिवरा म्हणाली आणि तिलाही हसू फुटलं.

सटवाजीनं तिच्यावर डोळे रोखले. भिवराला वाटलं, आता म्हातारा शाप देणार. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती. मग ती हळूहळू उतरली.

"जागा बरोबर," तो म्हणाला. "आमिष बरोबर. वाराही बघितला असशील."

"बघितला. मटणाचा वास तुमच्याकडे जावा म्हणून."

"हं. पन्नास वर्षं मी दुसऱ्याला धरलं. मला कुणी धरलं नव्हतं. पाटलाला जमलं नाही, जाणत्यांना जमलं नाही." म्हाताऱ्याच्या आवाजात काहीतरी भरून आलं. तो तोराच होता, पण या वेळी स्वतःचा नव्हता. "एक चूक केलीस तू."

"कुठली, आबा?"

"हसलीस. फास लावणाऱ्यानं हसायचं नसतं. ते शिकवावं लागेल."

लांडग्याचं पुढं काय झालं ते विचारू नका. कोकरं खाणाऱ्याचं जे होतं तेच झालं. भिवराची सात कोकरं जगली, वाढली आणि सातांचा पुन्हा कळप झाला. आढ्याचे सगळे फास म्हाताऱ्यानं खाली काढले. जळमटं झाडली आणि निम्मे भिवराला दिले.

लांडगा धरल्याची बातमी राजापर्यंत गेली. राजाला लाज वाटली असावी, कारण तो एक दिवस खरोखर पालखीतून सटवाजीच्या दारात आला. तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो दारात उभा होता, आणि झोपडी रिकामी. म्हातारा माळावर भिवराला कोल्ह्याचा माग दाखवत होता. हुजऱ्या धापा टाकत तिथं गेला आणि म्हणाला, "महाराज तुमच्या दारात आलेत. तुम्हाला शिकारखान्याचं नाईकपण देतायत. लवकर चला!"

सटवाजीनं मागावरची नजर काढली नाही.

"महाराजांना सांग, ह्या मुलखातला सगळ्यात हुशार फासेवाला धरला गेला. ज्या बाईनं धरला तिला द्या म्हणावं तुमचं नाईकपण. आणि कुणाची वाट बघत दारात बसायला मी आता जात नाही. तिथं फास असतो."

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: लांडगा असो की माणूस, ज्या गोष्टीचा त्याला तोरा असतो, तिच्यापाशीच त्याचा पाय अडकतो.