साहेबांचा पाहणी दौरा

सूर्य ज्या क्रियेने तळपतो ती यंत्रात घडवू पाहणारी एक संशोधन संस्था होती. तिथले खरेदी अधिकारी हर्डीकर यांच्या काखेत नियमांचं पुस्तक आणि टेबलाखाली दौऱ्याची भरलेली बॅग कायम असे.

तिथल्याच शास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गावित यांना असं यंत्र उभारून घ्यायचं होतं. हर्डीकर साहेबांनी निविदेत अट घातली, की पुरवठादाराचं असंच यंत्र कुठेतरी पाच वर्षं अखंड चाललेलं हवं.

"साहेब, जगात कुणालाच ते जमलेलं नाही. म्हणून तर संशोधन!"

"अनुभव नाही, तर खरेदी नाही, मॅडम."

तीनदा निविदा निघाली. कुणी फिरकलं नाही. निधी मार्चअखेर परत जाणार होता. तेव्हा गावितबाई हसत केबिनमध्ये शिरल्या.

"सापडलं, साहेब! एक दिवससुद्धा बंद न पडलेलं."

"बघा! उगीच कांगावा करत होतात. कुठे आहे?"

बाईंनी खिडकीतून वर बोट दाखवलं. "ते काय, तळपतंय. मंजुरीआधी खरेदी अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन पाहणी करायची, हा तुमचाच नियम. दौऱ्याचा अर्ज भरून आणलाय, फक्त सही करा. परतीच्या प्रवासाचा रकाना तेवढा कोरा ठेवलाय."

सहीसाठी उघडलेल्या पेनने साहेबांनी अट खोडली.