वेळेश्वराच्या वाटेवरचे मुक्काम

एका राज्यात कुणीच बोलत नसे. धूम्रजट नावाच्या मांत्रिकाने राजाशी वैर धरून साऱ्या प्रजेचे आवाज एका शंखात कोंडले आणि तो शंख समुद्रकाठी वेळेश्वराच्या देवळात नेऊन ठेवला. राजकन्या सुवेला त्या दिवशी आजोळी होती, म्हणून तिचा आवाज तेवढा वाचला. पण बोलावे कुणाशी?

एके सकाळी धनेश पक्षी तिच्या खिडकीत येऊन बसला.

"राजकन्ये, वेळेश्वरी जा आणि शंख फोड. पायी जा, एकटी जा. रोज सकाळी त्या दिवसाचा मुक्काम मोठ्याने सांग आणि तिथेच थांब. अलीकडे नको, पलीकडे नको. चुकलीस तर वाट तुला पुन्हा वेशीत आणून सोडील."

सुवेला घाईची. "आज तीन डोंगर ओलांडीन," ती म्हणाली. दुसऱ्याच डोंगरावर पाय सुजले, ती बसली, डोळा लागला. जागी झाली ती वेशीत! राजाने तिच्या तळव्यांना तेल चोळले. त्याचे ओठ हलले, शब्द मात्र फुटला नाही. तेव्हा ती रडली.

पुढल्या खेपेस तिने आपल्या पायांना विचारून मुक्काम ठरवला. "आज डोंगराखालचा पाणवठा." ऊन असतानाच ती पोचली आणि मुकाट्याने बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सांगितले, "आज अरण्याची पलीकडची कड." मध्येच एक झोपडी लागली. दारात म्हातारी.

"ये गं पोरी, दोन घास खा. इथेच राहा."

किती दिवसांनी माणसाचे बोलणे कानावर आले! सुवेलेचे पाय अडखळले.

"आजी, मला पुढे जायचंय."

"पुढे कोण आहे तुझं?"

सुवेला डोळे पुसत चालू लागली. वळून पाहिले, तर झोपडी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सांगितले, "आज केवड्याचे बन." बनात पोचून वाळूवर बसली तेव्हा सूर्य बराच वर होता. समोर देवळाचे निशाण फडफडत होते. इतक्यात तिकडून बापाची हाक आली.

"सुवेले, ये! मी इथे आहे!"

आवाज अगदी त्याचाच. ती उठली, दोन पावले गेली, आणि मागे फिरली.

"तात, उद्या येते," ती म्हणाली आणि कान झाकून वाळूवर पडून राहिली.

उजाडताच "आज वेळेश्वर" असे मोठ्याने सांगून तिने देवळात जाऊन शंख पायरीवर आपटला. आवाजांचा थवा डोक्यावरून राज्याकडे उडाला. त्या आवाजांवर जगणारा धूम्रजट देवळामागून धावत आला, पण जागच्या जागी फेस होऊन वाळूत जिरला.

परतताना दुरूनच पाणवठ्यावरचे भांडण ऐकू आले, कासाराची आरोळी ऐकू आली. वेशीत राजा उभा होता. त्याला पुष्कळ बोलायचे होते, पण विचारले एवढेच:

"पोरी, एकटीला भीती वाटली का गं?"

"वाटली," सुवेला म्हणाली, आणि तिथेच त्याच्याजवळ बसून सारे सांगू लागली.