इंदुलेखा राणीची हरवलेली ओढ

एका राज्यात फुलांचा वास गेला. फुलं उमलत होती, रंगाची कमी नव्हती, भुंगेही येत होते. पण चुकून परक्याच्या घरात शिरल्यासारखे तोंड वळवून परत जात होते. गजरेवाले, अत्तरवाले आणि देवळांतले पुजारी एक होऊन दरबारात आले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. ते ऐकून प्रधान खाकरला, राजाने मान खाली घातली आणि पडद्याआड बसलेल्या इंदुलेखा राणीचे कान तापले.

कारण त्या राज्याची रीतच तशी होती. तिथल्या फुलांचा वास राणीच्या मनावर चाले. राणीला राजाची ओढ असली की मोगरा कोसभर घमघमे. ओढ आटली की वास आटे. जी गोष्ट इतर राज्यांत चार भिंतींच्या आत राहते, ती इथे वाटसरूलाही नाकाने कळे.

राजाचं नाव रणधवल. तो देखणा होता, हसरा होता, राणीवर जीव टाकत होता. राणीला तो नकोसा झाला होता असंही नाही. पूर्वी त्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या की तिच्या हातातलं काम गळून पडे. आता टापा ऐकू आल्या की तिच्या मनात एवढंच येई, की चला, पानं वाढायला घ्यावी लागणार. ती ओढ कधी गेली, कुठल्या दाराने गेली, तिला कळलंच नव्हतं. गावाला त्या ओढीची आठवण फुलं हुंगताना येई. राणीला ती दिवसभर येई, आणि फार वाईट वाटे.

प्रधानाने पोथी उघडली. पोथीत लिहिलं होतं, की शंभर दिवसांत वास परतला नाही तर राणीला मानाने पालखीत बसवून माहेरी पोचवावं आणि राज्याला नवी राणी आणावी. "मानाने" हा शब्द प्रधानाने दोनदा वाचला. राणीला तो एकदाही गोड लागला नाही.

मग राजवैद्य भेषजगुप्त आले. त्यांनी पडद्याबाहेर बसून, राणीच्या मनगटाला बांधलेल्या रेशमी दोऱ्याचं टोक हाती धरून नाडी पाहिली आणि तीन औषधं सांगितली. नागडोंगरावरची शतावरी, राक्षसिणीच्या मळ्यातलं केशर आणि मायावी मांत्रिकाच्या विहिरीकाठची अश्वगंधा. राजाने तिथल्या तिथे कमरेला तलवार बांधली.

पण औषध आणणं निराळं आणि करणं निराळं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एक शिळा होती आणि तिच्यावर कोरलं होतं: 'राणीचं औषध राणीच्याच हातचं. दुसऱ्याने हात लावला तर तो हात मनगटातून गळून पडेल.' आजवर कुणी हात लावला नव्हता, म्हणून कुणाचा गळला नव्हता, आणि गळला नव्हता म्हणून शिळेचा धाक चोख आहे असं सगळे समजत.

राजा सतराव्या दिवशी शतावरी घेऊन आला. डोंगरावर सात फण्यांचा म्हातारा नाग होता. त्याचे फणे खाजत आणि त्याला स्वतःला खाजवता येत नसे. राजाने तीन दिवस तीन रात्री ते खाजवून दिले, तेव्हा नागाने मुळ्या दिल्या. राजा हे रंगवून सांगत होता आणि राणी मुळ्या सोलत होती. सोलायच्या, कुटायच्या, दुधात शिजवायच्या, खवा होईतो ढवळायच्या, असं सात दिवस. आधीच राणी पहाटे उठून एकवीस देवांची पूजा करी, अठरा पंगतींवर देखरेख ठेवी, दुपारी बायकांची गाऱ्हाणी ऐके. त्यात हे आलं. आठव्या दिवशी तिने औषध घेतलं आणि तिला छान झोप लागली. बाकी काही झालं नाही. मोगरा जसा होता तसाच राहिला.

मग राजा केशर घेऊन आला. राक्षसीण म्हणाली होती, माझे चाळीस रांजण भरून दे. राजाने आडाचं पाणी शेंदून चाळीसच्या चाळीस भरले. "आणि तोंडातून ब्र काढला नाही," तो अभिमानाने म्हणाला. राणी केशरात वाटायचे हजार बदाम सोलत होती. चाळीस रांजण, ती मनात म्हणाली, आणि हजारातला एक बदाम चुकून चिरडला गेला. ते औषध घेतल्यावर तिच्या गालांवर तेज आलं, दासींनी दृष्ट काढली, पण फुलं तशीच राहिली.

तिसऱ्या खेपेला राजाने मांत्रिकाच्या तोंडून त्याची सगळी सुखदुःखं ऐकून घेतली. मांत्रिक आठ दिवस बोलत होता आणि राजाने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मांत्रिकाचे डोळे भरून आले आणि त्याने अश्वगंधा दिली. ती मधात नऊ दिवस खलायची होती. राणीने बत्ता उचलला तेव्हा नव्वदावा दिवस उजाडला होता.

मुदपाकखान्याच्या खिडकीबाहेर उंबराचं झाड होतं. त्यावर एक धनेश पक्षी आला आणि पिकली उंबरं तोडू लागला. राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्याने पाहिलं. चोचीत तीन उंबरं असल्यामुळे तो जरा बोबडं बोलला.

"राणी, मला घाई आहे. माझी बायको ढोलीत पिल्लांवर बसून आहे आणि तिचं खाणं माझ्याकडे आहे. पण तुला एक सांगून जातो."

त्याने सांगितलं ते असं. या राजाच्या पणजोबाच्या काळी एक राणी आजारी पडून गेली. दोष आला तिला औषध देणाऱ्या वैदिणीवर. वैदीण निरपराध होती, रात्रंदिवस जागली होती, तरी तिला हाकलून दिलं. जाताना तिने शाप दिला, की इथल्या राण्यांच्या कष्टाला कुणाचा हात लागणार नाही आणि एक दिवस त्यांचं मन कोरडं पडेल. पणजोबाने त्या शापाचाच कायदा केला आणि शिळेवर कोरून ठेवला.

"याला उतारा नाही?" राणीने विचारलं.

"आहे. राजाचा हात लागला पाहिजे. पण सांगून नाही, राणी. तू सांगितलंस आणि त्याने केलं, तर शाप जिथला तिथे राहील." एवढं बोलून तो उडून गेला.

राणीने बत्ता खाली ठेवला. तिला हसू आलं आणि रडूही आलं. उतारा घरात होता, मिशीला पीळ देत समोरून फिरत होता, आणि तिला तोंड उघडायची सोय नव्हती.

पण राणी हुशार होती. सांगायचं नाही, सुचवायला काय हरकत आहे, असा तिने विचार केला. पहिल्यांदा ती जेवताना म्हणाली, की हात फार दुखतात. राजाने हातातला घास तसाच खाली ठेवला. त्याने पानावरून उठून राजवैद्यांना बोलावलं. राजवैद्यांनी हाताला लावायला तेल सांगितलं. ते राणीने स्वतः बावीस वनस्पती कुटून काढायचं होतं.

दुसऱ्यांदा तिने खल नेऊन राजाच्या महालाच्या उंबऱ्यात ठेवला. राजा त्याला ठेचकाळला, अंगठा सुजला, आणि त्याने ताबडतोब हुकूम काढला. त्या दिवसापासून खलापुढे एक चोपदार "बाजू, बाजू" म्हणत चालू लागला.

तिसऱ्यांदा तिने राजाला एक गोष्ट सांगितली. एक बाई एकटी राबायची आणि तिचा नवरा साऱ्या गावाला मदत करायचा, पण घरातलं त्याला दिसायचंच नाही. राजा मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने डोळे पुसले.

"केवढा आंधळा माणूस," तो म्हणाला. "आमच्या राज्यात असता तर त्याला जन्माची अद्दल घडवली असती."

राणीने कपाळावर हात मारला. त्या दिवशी तिने आशा सोडली.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी अंगणात पालखीला रंग देणं सुरू झालं. राजाने कुठूनसं ऐकलं, की सातासमुद्रापार सोनेरी डाळिंब आहे. त्याने घोड्यावर खोगीर चढवलं आणि भर दुपारी निरोप घ्यायला तो मुदपाकखान्यात आला. राणी खलावर डोकं टेकून झोपली होती. तिच्या केसांत अश्वगंधेची भुकटी होती. तळहात उताणे पडले होते आणि त्यांवर फोड होते. काही फुटलेले, काही नवे.

राजाने नागाचे सात फणे पाहिले होते. हे तळहात तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याने दासीला हाक मारली. दासीने शिळेकडे बोट दाखवलं आणि ती चार पावलं मागे सरकली. राजाने शिळा वाचली, राणीकडे पाहिलं, तलवार सोडून कोपऱ्यात ठेवली आणि मांडी घालून तो खाली बसला. खल हळूच ओढून घेतला.

पहिला घाव खलाच्या काठावर पडला. त्या आवाजाने राणी जागी झाली. पण तिने पापण्या मिटलेल्याच ठेवल्या आणि बारीक फटीतून पाहू लागली.

राजाने बत्ता डाव्या हातात धरला होता. "गेला तर गेला," तो स्वतःशीच पुटपुटला. "तलवारीला उजवा पुरे." पण डाव्या हाताने खलणं काही जमेना. भुकटी उडून मिशीत बसली, मध कोपरापर्यंत ओघळला, आणि बत्ता दोनदा अंगठ्यावर पडला, तोही ठेचकाळलेल्या पायाच्या. राजा थांबला. त्याने उजवा हात डोळ्यांसमोर धरून थोडा वेळ पाहिला. मग बत्ता त्या हातात घेतला आणि नीट खलू लागला.

राणीच्या पावलांपासून काहीतरी ऊबदार वर चढू लागलं. ते ओळखीचं होतं, फार दिवसांनी घरी येत होतं. तिला वाटलं, त्या मिशीतली भुकटी आपल्या बोटांनी झाडावी. नुसतं वाटलं नाही, त्यावाचून राहवेना असं झालं. ती उठून बसली.

राजा दचकला. "राणीसरकार, आपण झोपा. हात अजून जागेवर आहे."

"महाराज," राणी म्हणाली, "दार लावून घ्या."

दार लागलं आणि बाहेर मोगरा एकदम घमघमला. पाठोपाठ चाफा, जाई, रातराणी, जिची वेळही झाली नव्हती. अत्तरवाले रस्त्यावर आले. पुजाऱ्यांनी घाईघाईने शंख फुंकले. शिळा मधोमध तडकली. पालखी रंगवणाऱ्याने हवा हुंगली आणि मुकाट्याने डबे आवरले.

दुसऱ्या दिवशी प्रधान पोथी आणि लेखणी घेऊन आला. मागोमाग भेषजगुप्त आले. पुढच्या पिढ्यांसाठी उपाय नोंदवून ठेवायचा होता. वैद्यराजांच्या मते हा सगळा अश्वगंधेचा गुण होता, फक्त मात्रा किती लागू पडली तेवढं कळायला हवं होतं. पडद्यामागे राणी लोडाला टेकून पेंगत पडली होती. पूजा त्या दिवशी राजाने केली होती. एकवीस देवांपैकी चार विसरले होते आणि देवांनी काही मनाला लावून घेतलं नव्हतं.

"एकही मात्रा नाही," राणी म्हणाली. "औषध अजून खलून पुरं झालंच नाही."

वैद्यराज गोंधळले. "मग नोंद काय करावी?"

राणीने विचार केला. तिच्या मनगटाला आज रेशमी दोरा नव्हता, आणि तिला कितीतरी महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली, "महाराज उजव्या हाताने खलत होते." आणि कूस बदलून ती पुन्हा झोपली.

अशी ही इंदुलेखा राणीची गोष्ट. ऐकून ज्यांना हसू आलं त्यांचं अंगण दरवळो. ज्यांना राग आला त्यांनी आधी घरात जाऊन बघावं, कोण दमलंय ते.